साधं मीठ

वळणावर ट्रक कलंडला आणि मागची पिंपं रस्त्यावर घरंगळली. दोन फुटली, त्यांतून पांढरा धूर यायला लागला. ड्रायव्हरला बाहेर ओढून काढलं तेव्हा तो खोकत खोकत म्हणाला, "मीठ आहे म्हणाले हो मला. मागे पिंपांना टेकून झोपलास तरी चालेल म्हणाले." कागदावरही मीठच लिहिलं होतं. पिंपांवरच्या धोक्याच्या चिठ्ठ्या मात्र कोणीतरी ब्लेडने खरवडून काढल्या होत्या.

मालाचे मालक आले आणि नाकाला रुमाल लावून लांबच उभे राहिले.

"पिंपांत नक्की काय आहे?" अग्निशमन दलाच्या प्रमुखाने विचारलं.

"किती वेळा सांगू? मीठ! साधं मीठ!"

"मिठातून धूर येतो?"

"हवा दमट आहे."

"बरं. मग धुऊनच टाकतो सगळं." प्रमुख मागे वळून ओरडला, "सोडा रे पाणी!"

"पाणी नको! सगळे उडू!" असं किंचाळत मालक जे पळत सुटले, ते गाडीचं दार उघडं टाकून, एक चप्पल मागे सोडून.

"कोरडी वाळू आणा," प्रमुख शांतपणे म्हणाला. पाइप अजून बंबाला जोडलेलाच नव्हता.