रिकामे खिसे

कातकरवाडीतली चार पोरं अंगणवाडीच्या दाराशी रांगेत उभी होती. सगळ्यांचे खिसे उलटे, बाहेर लोंबणारे. स्वप्नालीबाईंनी ते बघितले, पाठीवर थाप दिली आणि तिघांना घरी सोडलं. गावातली पोरं केव्हाच पळाली होती. त्यांचे खिसे कुणी बघत नसे.

दोन वर्षांपूर्वी एक स्टीलचा पेला हरवला, तेव्हापासूनची ही रीत. पेला कुणी नेला ते आजवर कळलं नाही. बाई काही दुष्ट नव्हत्या. याच पोरांच्या उवा त्या काढत, त्यांनाच आग्रहाने दुसऱ्यांदा खिचडी वाढत. पण ही पोरं पुढे पोलिसांच्या तावडीत सापडू नयेत, असं त्यांना मनापासून वाटे. "आत्ताच वळण लावलं तर मोठेपणी वाकड्या वाटेला जायची नाय," असं त्या मदतनीस नंदाला कितीदा तरी सांगत.

आज चौथ्याला, सोमाला, त्यांनी थांबवून घेतलं. पाच वर्षांचा सोमा उद्या आईबापासोबत कोलाडकडच्या वीटभट्टीवर चालला होता. आता पावसाच्या तोंडावरच परत. त्याची आई पारी धाकटीला पदराच्या झोळीत घेऊन न्यायला आली होती. 

फळीवर शाडूचा एक उंदीर होता. पेणला मूर्तींच्या कारखान्यात बाईंचा भाऊ रंगकाम करतो, त्याने आणून दिलेला. सोमा वर्षभर त्याच्याकडे नुसता बघत बसे. हात म्हणून कधी लावला नाही.

बाईंनी उंदीर काढून त्याच्या ओंजळीत ठेवला.

"घे रे. आता तुझाच हाय हा. माझा गुणाचा पोर तू."

सोमाचा चेहरा फुलला. त्याने उंदराच्या शेपटीवरून हलकेच बोट फिरवलं.

बाई कपाटाकडे वळल्या. "आणि ह्ये लशीचं कार्ड सांभाळ गो पारी, तिथल्या बाईंना दाखव." कार्ड घेऊन त्या फिरल्या, तर सोमा आईच्या आडोशाला चवड्यांवर उभा. त्याने उंदीर झोळीत, धाकटीच्या पायांशी सरकवला. वरून फडकं नीट ओढून घेतलं. पारीला पत्ताही नव्हता.

मग तो दाराशी आपल्या रोजच्या जागेवर जाऊन उभा राहिला. दोन्ही खिसे उलटे केले आणि बाईंच्या डोळ्यांत बघत म्हणाला,

"बगा बाई, कायच नाय."