ओळीआधीचा श्वास

पहिलं गाणं सुरू झालं आणि सभागृहाच्या मागच्या बाजूला, साउंडच्या मिक्सरवर उभ्या असलेल्या कानसेननं कान टवकारले. गाणं पार मेलेलं होतं.

कानसेन हे त्याचं इथलं टोपणनाव. कुठल्या रांगेत कुणाची खुर्ची करकरली हे एकेकाळी त्याला मान न वळवता कळायचं, तेव्हा पडलेलं. अलीकडे मात्र त्याला गाण्याचा वीट आला होता. "हल्लीचे गायक तोंडात घास धरून गातात, एक शब्द कळेल तर शपथ," असं म्हणत तो संध्याकाळचे कार्यक्रम सहकाऱ्याच्या गळ्यात मारायचा आणि स्वतः मागच्या खोलीत वायरी गुंडाळत बसायचा.

मग वाढदिवसाला लेकीनं हेडफोन दिला. फोनला जोडून, सगळं लावून. "यातलं काही हलवू नका हं, बाबा," असंही बजावलं. त्यानं नाक मुरडतच तो कानांवर चढवला आणि एका कोवळ्या पोरीच्या नव्याकोऱ्या अल्बमनं त्याला खुर्चीला खिळवून ठेवलं. शब्द न् शब्द लख्ख. तारेवरून बोट सरकल्याची किरकिर. झांजेवर ब्रश फिरल्याची सळसळ. "लोक पुन्हा गायला शिकले गं," त्यानं बायकोला सांगितलं. तेव्हापासून नवा अल्बम कधी येतो म्हणून हा बाबा डोळे लावून बसायचा.

आजची गायिका तीच पोरगी. व्यवस्थापकाच्या मागे भुणभुण लावून त्यानं हा कार्यक्रम मागून घेतला होता, लेकीलाही बोलावलं होतं. दुपारी तिला गाठून म्हणाला होता, "तिसऱ्या गाण्यात शेवटच्या ओळीआधी तुम्ही श्वास घेता ना, त्या श्वासात सगळं गाणं आहे."

ती बघतच राहिली. "काका, तो काढून टाक म्हणून सगळे मागे लागले होते. मी हट्टानं ठेवला. कुणाचं लक्ष जाईल असं वाटलं नव्हतं."

"आज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. माझा शब्द."

आणि आता हे असं, जाड पांघरुणाखालून आल्यासारखं गाणं. सहकाऱ्यानं म्हणे तालमीत सगळं नीट लावून ठेवलं होतं! कानसेननं मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडल्या आणि ट्रेबल, म्हणजे आवाजातली बारीक धार, वाढवला. थोडा. आणखी थोडा. दुसऱ्या गाण्यात शब्दांना धार आली. तिसरं सुरू झालं तेव्हा त्यानं बटणं पार शेवटपर्यंत नेली, आणि ते आलं. तीच किरकिर, तीच सळसळ, घरी यायची तशी, पण इथे समोर, जिवंत माणसांच्या हातांतून. त्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं या सुखाकडे पाठ करून आपण वायरी गुंडाळत बसलो, याचा त्याला भयंकर राग आला.

पुढच्या रांगेत एका बाईनं कानांवरून ओढणी घेतली. एसीचा गारठा लागत असेल. मग तिच्या शेजाऱ्यानं कानांत बोटं घातली. मग अख्ख्या रांगेनं. गायिका गाता गाता थांबली.

"साउंडवाले काका," ती माइकवर हसून म्हणाली, "ती शिट्टी थांबवा हो! लोकांच्या कानाचे पडदे फाटतील."

लोक हसले. कानसेन इकडे तिकडे बघत राहिला. कसली शिट्टी?

तिसऱ्या रांगेतून लेक धावत आली. "बाबा, ट्रेबल कमी करा. आधी कमी करा!"

"अगं, आत्ता कुठे जमलंय. घरी येतं तस्संच येतंय."

"घरी मी वाढवून ठेवलाय, बाबा." ती खालच्या आवाजात बोलायला गेली, मग तिला जोरातच बोलावं लागलं. "तुमच्यापुरता. कानाच्या डॉक्टरांना विचारून. तुम्ही तपासायला येत नव्हतात ना."

त्याचा हात बटणावरच राहिला.

"म्हणजे गायक... आधीपासून नीटच गात होते?"

"तुम्हाला गाणं पुन्हा आवडायला लागलं होतं. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

"म्हणून चारचौघांत तोंडघशी पाडलंस."

"तुम्ही इथे उभे राहणार आहात हे मला कुठे ठाऊक होतं? मला वाटलं, ऐकायला बोलावलंत. शेजारची खुर्ची धरून ठेवली होती मी."

व्यवस्थापक हातवारे करत दारातून येत होता. कानसेननं एकेक बटण खाली आणायला सुरुवात केली. कान काय सांगतात याचा आता काही उपयोग नव्हता. तो लेकीच्या तोंडाकडे बघत होता.

"आता?"

"अजून थोडं."

"आता?"

कानांवरचे हात एकेक करून खाली आले. "बस, बाबा. आता सुरेख येतंय."

गाणं पुन्हा पांघरुणाखाली गेलं होतं. गायिकेनं मिक्सरच्या दिशेनं बघून अंगठा दाखवला आणि तिसरं गाणं पहिल्यापासून धरलं. त्याला ओठ हलताना दिसत होते, शब्द आठवणीतून भरून घ्यावे लागत होते.

शेवटच्या ओळीशी ती थांबली. तिचे खांदे वर गेले.

कानसेननं वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तिथे एका माणसानं डोळे मिटून मान डोलावली.