आठ आणे

आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात आठ आण्यांची नाणी कायम खुळखुळायची. लालबागमधला एकही दुकानदार ती घेत नसे, आणि आप्पा दरवेळी तिथेच उभे राहून वाद घालत, "सरकारने बंद केलेली नाहीत ही. घ्यावीच लागतात!" मागे रांग खोळंबायची. मी कंटाळून म्हणायचे, "आप्पा, चला ना आता," आणि फोनवरून पैसे देऊन त्यांना घरी आणायचे.

आज सकाळी चाळीच्या अंगणात त्यांना तिरडीवर ठेवलं. "कापडाच्या टोकाला बांधायला एक नाणं द्या रे कुणीतरी, वाटखर्चाचं," शेजारचे कुशाबाकाका म्हणाले. सगळ्यांचे हात खिशात गेले. कुणाचा फोन निघाला, कुणाची पाचशेची नोट. नाणं एकाकडेही नव्हतं.

मी वर जाऊन खुंटीवरचा सदरा चाचपला आणि हाताला लागलेलं नाणं आणून दिलं.

काकांनी ते उलटसुलट करून बघितलं. "आठ आणे? मेघना, हे चालतं का गं?"

"चालतं, काका," मी म्हणाले. "बंद नाही केलेलं. घ्यावंच लागतं."