लेकीचा पगार

लॉन्ड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलापाशी आईची उभी हयात गेली होती. लेकीला सतरावं लागलं, तशी मालकाची मनधरणी करून आईने तिलाही शेजारच्या टेबलावर लावून घेतलं. अठरा पूर्ण होईपर्यंत लॉन्ड्रीच्या नियमाने पगार निम्माच मिळणार होता, पण दोघींच्या कमाईत घर सावरेल असं आईला वाटलं. तिने जीव ओतून शिकवलं आणि लेकीचा हात लवकर बसला. मालक येता-जाता पोरीचं कौतुक करायचा, आई फुलून जायची.

एके दिवशी तो म्हणाला, "बाई, पोर आता तयार झाली. पुढच्या महिन्यापासून तुम्ही घरी आराम करा."

आईने हातातली इस्त्री बाजूला ठेवली. लेकीने मात्र मालकाच्या डोळ्यांदेखत तापलेली इस्त्री एका पांढऱ्या शर्टावर दाबून धरली. धूर निघाला तरी उचलली नाही.

"बघा, मला काही जमत नाही," ती म्हणाली. "मला काढा. आईला राहू द्या."

आई घाबरली. आता दोघींचंही काम जाणार, या धास्तीने तिने मालकापुढे हात जोडले. "लहान आहे हो ती. पदरात घ्या. तिला तरी काढू नका."

"काढतोय कशाला?" मालक हसत म्हणाला. "महिन्याला असे दहा शर्ट जाळले, तरी ती मला तुमच्यापेक्षा स्वस्तच पडते."