पुलाचं मागणं

खारेबंदर नगरपरिषदेच्या सभेत आज पूल बोलणार होता, म्हणून नगराध्यक्षा हेमलता कुबल निर्धास्त होत्या. शहरातल्या बांधकामांच्या पोटात बोलकी यंत्रं बसवल्यापासून निधी मागायला नगरसेवकांऐवजी तीच बोलत, आणि कुबलबाईंच्या वॉर्डातला जुना खाडीपूल यंदा निधीच्या यादीत पहिल्या नंबरावर होता.

आधी समुद्राकडचा बांध बोलला. "पायाखालची माती जातेय. पुढचं मोठं उधाण मला झेपणार नाही."

"हा दरवर्षी असाच रडतो," बाई म्हणाल्या. "निधी एकाच कामापुरता आहे. बाबा पुला, आता तू सांग."

भिंतीवरच्या स्पीकरमधून पुलाचा घोगरा आवाज आला. "माझे खांब खंगलेत, हे खरं. पण माझ्यावरून शाळेत जाणारी पोरं त्या बांधाच्या आड राहतात. बांध गेला, तर मी दुरुस्त होऊन वाट कुणाची बघू? गाड्या तेवढ्या बंद करा. चालणाऱ्यांना मी वर्षभर धरून ठेवतो."

आपला नंबर सोडणारं त्या सभेत आजवर कुणी निघालं नव्हतं. बाईंनी मान खाली घालूनच बांधाच्या बाजूने हात वर केला.

संध्याकाळी घरी जाताना त्या पुलावर आल्या. कठड्यातून आवाज आला, "आज हलक्या वाटताय, बाई. गाडी कुठाय?"

"अलीकडच्या काठावरच ठेवली," चपला काढून हातात घेत त्या म्हणाल्या. "आता वर्षभर अशीच येणार रे मी."