खोडलेला चार

‘तुम्ही किती सुखी आहात?’ या प्रश्नापुढे प्रणोतीने सातच्या आकड्याला गोल केला होता, पण चारभोवतीचा पुसलेला गोल अजून फिकट दिसत होता.

कॉलेजच्या पाहणीचे कागद परत न्यायला शेजारची मुलगी दारात उभी होती. बाबांनी स्वतःला नऊ दिले होते, आईने आठ. बाबांनी लेकीचा कागद उजेडात धरला.

“आधी चार? अहो साहेब, बायपासनंतरसुद्धा मी सहाच्या खाली उतरलो नव्हतो!”

प्रणोती अधिकारी होणार म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी सुरू केलेलं हे ‘साहेब’ आता गल्लीतला दूधवालाही म्हणत असे. स्पर्धा परीक्षेतली निवड मात्र पाचदा हुकली होती.

“तुम्हाला सगळं हाताशी मिळालं, तरी तोंड पाडलेलंच,” बाबा हसले.

“तुम्ही बाविसाव्या वर्षी मिळेल ती नोकरी धरलीत, बाबा. तुमच्याकडे कुणी डोळे लावून बसलं नव्हतं.”

“यंदा नक्की मिळेल पोस्ट. उद्या शेवटची तारीख आहे, आज फॉर्म भरून टाकू.”

दोन वर्षं बोलायचं राहिलेलं वाक्य प्रणोतीने शेजारच्या मुलीसमोरच उच्चारलं.

“बाबा, मी आता परीक्षा देणार नाही.”