चौथी उष्टी रोटी

मुयनाक गावात घर सोडून निघालेला माणूस रोटीचा एक घास घेतो आणि उरलेली उष्टी रोटी घरचे भिंतीवर टांगून ठेवतात. परत येऊन त्यानंच ती संपवायची. बीबीजमालच्या भिंतीवर अशा चार रोट्या होत्या, आणि मुलगे मात्र तीनच.

धाकटा ओराजबाय आईला कायमचं अल्माटीला न्यायला आला, तेव्हा तिनं आधी त्याची रोटी उतरवून हातात दिली. "खा. सहा वर्षांची झालीय, दात सांभाळ."

तो हसला. "आणि ही चौथी? बाबांची?"

"तुझे बाबा कुठं गेले होते? याच खोलीत मेले ते." म्हातारीनं डोक्याच्या रुमालानं चौथीवरची धूळ पुसली. तिची कड चावलेली नव्हती, भिजून गळाली होती आणि तिच्यावर मीठ फुटलं होतं. "समुद्र पायरीपासून निघाला, तो काही न सांगताच. मी दिवसभर त्याच्या मागं चालले. काठ सापडला तशी रोटी पुढं धरली. घेतला त्यानं घास."

"आई, त्याला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांना पाजलं. ते आता परत यायचं नाही."

"तुझ्याबद्दलही लोक हेच म्हणायचे."

बाहेर ट्रकवाल्यानं दुसऱ्यांदा भोंगा वाजवला. "चल ना आई. इथं राहिलंय कोण?"

"म्हणूनच तर," म्हातारी खाली बसली. "दाराला कुलूप दिसलं तर तुम्ही फोन तरी कराल. त्यानं कुणाला विचारायचं?"